व्हीलचेअरवरून कलासंग्रहालय आणि शिल्पोद्यान: आधी कलाकृती, मग रस्ता

"व्हीलचेअरची सोय आहे का?" असं संग्रहालयाला फोन करून विचारलं, की "हो, आहे" असंच उत्तर येतं. ते खोटं नसतं. दाराशी रॅम्प असतो, लिफ्ट असते, एक रुंद स्वच्छतागृह असतं. पण ज्या शिल्पासाठी आपण एवढ्या लांब येतो, ते मोकळ्या खडीच्या पलीकडे टेकाडावर उभं असतं आणि आपल्याला दिसते ती त्याची पाठ. म्हणून माझा आग्रह आहे, की आखणी सोयींपासून सुरू करू नका, कलाकृतींपासून करा. तीन-चार कलाकृती ठरवा. मग प्रत्येकीपर्यंत कसं पोचायचं, कुठल्या बाजूने आणि किती जवळ, हे शोधत जा. रॅम्प, लिफ्ट, पार्किंग या शोधात आपोआप येतात.

मी हाताने चालवायच्या खुर्चीवर असते. बॅटरीच्या खुर्चीचं गणित जिथे वेगळं आहे, तिथे तसं लिहिलं आहे.

काय बघायचं ते ठरवा

शिल्पोद्यानं मोठी असतात. न्यूयॉर्क राज्यातलं स्टॉर्म किंग आर्ट सेंटर आणि इंग्लंडमधलं यॉर्कशायर स्कल्प्चर पार्क, दोन्ही सुमारे ५०० एकरांवर पसरलेली आहेत. धडधाकट पायांच्या माणसालाही ती एका दिवसात पुरी होत नाहीत. तेव्हा आपण निवड करतो म्हणजे काही कमी घेतो असं नाही. तिथे जाणारा प्रत्येक जण निवड करतोच.

निवडताना एकेका कलाकृतीबद्दल एक प्रश्न विचारा: ही लांबून बघायची आहे, भोवती फिरून बघायची आहे, की आत शिरून?

लांबून बघायच्या कलाकृती आपल्यासाठी सगळ्यात सोप्या, पण त्यांची लोक उगाच उपेक्षा करतात. यॉर्कशायरला बार्बरा हेपवर्थ यांची 'द फॅमिली ऑफ मॅन' ही नऊ ब्राँझ आकृत्यांची मालिका उतारावर उभी आहे. एकेका आकृतीजवळ जायचं तर गवत आणि चढ आहे, पण नऊ जणांचा मेळा म्हणून ती समजते ती अंतरावरूनच. स्टॉर्म किंगमधलं माया लिन यांचं 'वेव्हफील्ड' म्हणजे माती आणि गवताच्या सात ओळी लाटा. लाटा सुमारे तीन ते साडेचार मीटर उंच आहेत. दोन लाटांच्या मधल्या घळीत उतरलेल्याला शेजारची ओळसुद्धा दिसत नाही. लांबून मात्र सगळ्या ओळी एकमेकींमागे दिसतात. अशा कलाकृतींसाठी 'जवळ जाता येतं का' हे विचारत बसू नका. 'पक्क्या रस्त्यावरून सगळ्यात चांगली कुठून दिसते' हे विचारा.

भोवती फिरून बघायच्या शिल्पांना निदान तीन बाजूंनी कठीण जमीन हवी. एकाच बाजूने वाट असेल, तर ती कुठली बाजू हे फोटोत बघून घ्या.

आत शिरायच्या कलाकृतींबद्दल सगळ्यात जास्त चौकशी करावी लागते. नेदरलँड्समधल्या क्रॉलर-म्यूलर संग्रहालयाच्या बागेत जाँ द्युब्युफे यांची 'जार्दं देमाय' ही काळ्या रेघांची, पांढरी, चालत फिरायची मोठी कलाकृती १९७४ पासून आहे. तिच्यावर जायला आतून जिना आहे आणि बाहेरून तिची फक्त भिंत दिसते. हे आधी माहीत असेल तर आपण तिच्या नावाने दिवस खर्ची घालत नाही. याउलट स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयातल्या रिचर्ड सेरा यांच्या 'द मॅटर ऑफ टाइम'च्या पोलादी वळणांतून सपाट जमिनीवरून जाता येतं. फक्त तिथल्या भिंती कललेल्या आहेत. जमिनीवर चाकाला जागा असते आणि कोपराच्या उंचीवर भिंत अंगावर येते. रुंदी विचारताना म्हणूनच 'खाली किती' एवढ्यावर थांबू नका, 'हाताच्या उंचीवर किती' हेही विचारा.

यादीत प्रत्येक प्रकारची एक तरी कलाकृती ठेवा. मग ऐन वेळी एखादी वाट बंद निघाली तरी दिवस वाया जात नाही.

घरबसल्या रस्ता तपासा

संग्रहालयाचा छापील नकाशा अंतरं दाखवतो, चढउतार सहसा दाखवत नाही. त्यामुळे नकाशाच्या ॲपवर उपग्रहाचं चित्र काढा. डांबर, फरशी, मुरूम आणि गवत यांचे रंग वेगळे दिसतात. मग प्रेक्षकांनी टाकलेले फोटो बघा, पण शिल्पाकडे नाही, पायांकडे. लोक कशावर उभे आहेत? पोरांच्या बाबागाडीची चाकं कुठपर्यंत गेली आहेत? पावसाळी दिवसाचा एखादा फोटो सापडला तर फारच उत्तम, कारण दाबून बसवलेला मुरूम कोरडा असताना जवळजवळ फरशीसारखा असतो आणि भिजला की चाक धरतो.

उताराचे तीन आकडे लक्षात ठेवले तर पुष्कळ काम होतं. रॅम्पसाठी अनेक देशांत १:१२ हे कमाल प्रमाण धरतात. म्हणजे १ सेंटिमीटर चढायला १२ सेंटिमीटर लांबी. अंशात सांगायचं तर सुमारे ४.८. स्वतः ढकलणाऱ्याला हा चढ थोडा वेळ जमतो, लांबलचक वाटेवर नाही. बागेतल्या वाटेसाठी १:२०, म्हणजे सुमारे २.९ अंश, हे बरं. तिसरा आकडा आडव्या उताराचा. वाट एका बाजूला कललेली असेल तर खुर्ची सतत त्या बाजूला ओढते आणि खालच्या बाजूचा एकच हात राबतो. हा कल २ टक्क्यांच्या वर गेला की लांब अंतरावर खांदा भरून येतो. फोनमध्ये उतार मोजायची सोय असते, त्यामुळे तिथे गेलेल्या ओळखीच्या माणसाला "चढ आहे का?" असं विचारण्यापेक्षा "फोन वाटेवर ठेवून आकडा बघून सांग" म्हणा.

याच हिशोबाने फोटोतला रॅम्पही तपासता येतो. दोन पायऱ्या म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर. त्याला १:१२ चा रॅम्प ३.६ मीटर लांब असायला हवा. फोटोत दारासमोर मीटरभराची फळी टाकलेली दिसली, तर तो रॅम्प नव्हे. त्यावर खुर्ची मागे उलटू शकते.

फोनवर काय विचाराल

ईमेल करा आणि मग फोनही करा. तिकीट खिडकीवरचा माणूस चांगल्या मनाने चुकीचं सांगतो. प्रदर्शनाची मांडणी करणाऱ्या विभागाकडे किंवा दालनात उभ्या राहणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे नेमकी माहिती असते. तुमच्या खुर्चीची रुंदी, लांबी आणि तुमच्यासकट एकूण वजन लिहून जवळ ठेवा. बॅटरीच्या खुर्चीचं वजन एकटीचंच शंभर किलोच्या वर जाऊ शकतं आणि छोट्या उचल-लिफ्टांना वजनाची मर्यादा असते.

माझे ठरलेले प्रश्न असे:

- मला या-या कलाकृती बघायच्या आहेत. प्रवेशदारापासून प्रत्येकीपर्यंतच्या वाटेवर कुठे खडी, पायरी किंवा तीव्र चढ आहे? शेवटचे वीस मीटर कशावरून जायचं?
- सध्या कुठलं दालन, लिफ्ट किंवा वाट दुरुस्तीसाठी बंद आहे का?
- उद्यानात ट्रॅम किंवा बॅटरीची गाडी असेल तर तिच्यात खुर्चीसकट चढता येतं, की उतरून सीटवर बसावं लागतं? मग खुर्ची कोण आणतं?
- उद्यानाच्या टोकाला खुर्ची जाईल असं स्वच्छतागृह आहे का, की मुख्य इमारतीतच परत यावं लागतं? आत कमोडच्या कुठल्या बाजूला जागा मोकळी आहे?
- एखादी लिफ्ट मालवाहू असेल किंवा किल्लीने चालत असेल तर त्यासाठी कोणाला बोलवायचं?
- उधार मिळणारी स्कूटर किंवा जाड टायरची खुर्ची आधी राखून ठेवता येते का?
- सोबत्याला तिकीट लागतं का?
- आग लागली तर लिफ्ट बंद होते. वरच्या मजल्यावरून मला खाली कसं नेणार?

शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. विचाराच. उत्तर तयार असलेलं संग्रहालय चटकन सांगतं, की जिन्याजवळ सुरक्षित थांबायची जागा अमुक आहे आणि उतरवायची खास खुर्ची तमुक ठिकाणी आहे. फोनवर शांतता पसरली, तर मी वरच्या मजल्यावर जाताना तिथल्या कर्मचाऱ्याला "मी इथे आहे" हे मुद्दाम सांगून ठेवते.

संग्रहालयात मिळणारी खुर्ची ही बहुधा सगळ्यांसाठी एकाच मापाची असते, पाठीला आणि बुडाला आधार बेताचा. ती घ्यायची वेळ आली तर आपली गादी घेऊन जा.

खुर्ची आणि सामान

आदल्या दिवशी टायरमधली हवा बघा. हवेच्या टायरवर दाबून बसणारे ब्रेक हवा कमी झाली की नीट पकडत नाहीत, आणि शिल्पोद्यानात उतारावर थांबून बघायचं असतं. पुढच्या छोट्या चाकांत अडकलेले केस, दोरे काढून टाका. दिवसभर खडबडीवर गेल्यावर तीच चाकं आधी कुरकुरतात. पुढे एक मोठं जोडचाक लावून छोटी चाकं जमिनीपासून वर उचलायची सोय तुमच्या खुर्चीला बसत असेल, तर गवत आणि खडीसाठी तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. दालनात शिरताना मात्र ते काढून ठेवावं लागेल, कारण त्याने खुर्चीची लांबी वाढते.

पाठीमागे पिशवी लटकवू नका. चढावर तिच्या वजनाने खुर्ची मागे कलते, आणि दालनात तुम्ही वळता तेव्हा ती पिशवी तुमच्या नजरेआड एखाद्या चौथऱ्याला घासते. सामान सीटखाली किंवा मांडीवर ठेवा. बोटं न झाकणारे हातमोजे, उन्हाळ्यात पाण्याची फवारणी, पावसाळ्यात पुसायला कोरडं फडकं (चाक फिरवायची कडी ओली असली की हात सटकतो) आणि बॅटरीच्या खुर्चीला जॉयस्टिकवर घालायचं प्लास्टिकचं आवरण, एवढं पुरे.

बॅटरीच्या खुर्चीवाल्यांसाठी दोन गोष्टी. कंपनीने सांगितलेलं अंतर सपाट, कठीण जमिनीवरचं असतं. मऊ गवतावर आणि चढावर ते झपाट्याने खाली येतं. म्हणून निम्मी बॅटरी संपेपर्यंत पुढे जात राहू नका. एक तृतीयांश संपली की परतीचा विचार करा, विशेषतः जाताना उतार असेल तर. आणि मोटर सुटी करायच्या खटक्या कुठे आहेत ते सोबत्याला दाखवून ठेवा. त्या सोडल्या की खुर्ची ढकलता येते. पण तेव्हा ब्रेकही सुटलेले असतात, त्यामुळे उतारावर त्यांना हात लावायचा नाही.

दिवसाची आणि शरीराची आखणी

उद्यान आधी, इमारत नंतर. खांद्यांत जोर असतो तो सकाळी, आणि गुळगुळीत फरशी थकलेल्या हातांनाही जमते. ऊन चढतं त्याआधी बाहेरचं उरकलेलंही बरं. कामाच्या दिवशी, उघडल्या उघडल्या गेलात तर दालनात तुमच्यापुढे उभ्या माणसांची भिंत नसते. बसून बघणाऱ्याला गर्दीचा त्रास उभ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त होतो.

चांगल्या कलाकृतीपुढे वेळेचं भान राहत नाही, आणि तिथेच धोका आहे. ज्यांना बुडाखालची संवेदना कमी आहे त्यांनी दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून मिनिट-दोन मिनिटं दाब सोडायला हवा. खडबडीत वाटेवरून आल्यावर तर नक्कीच. फोनला कंपनाचा गजर लावा.

मणक्याची दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर असेल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. घामाने शरीर थंड होण्याची क्रिया बिघडलेली असते, त्यामुळे तहान लागो न लागो, सावली आणि पाणी आधीपासून ठरलेलं हवं. आणि भरलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब अचानक वर जाऊ शकतो. ठणकणारं डोकं, तापलेला चेहरा, घाम ही त्याची लक्षणं. अशा वेळी सरळ ताठ बसायचं, कारण शोधून दूर करायचं, आणि आराम पडत नसेल तर थेट वैद्यकीय मदत. टोकाच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न मी वर यादीत घातला तो यासाठी. काही जण बाहेर पडायचं म्हणून पाणी पिणंच सोडतात. कृपा करून तसं करू नका. वाट छोटी करा, पाणी नको.

उद्यानात

गेल्या गेल्या स्वागतकक्षात नकाशा घ्या आणि तिथल्या माणसाकडून पेनने वाट काढून घ्या. काल रात्री पाऊस झाला असेल तर कुठे चिखल आहे हे त्यालाच माहीत असतं.

मोकळ्या खडीत छोटी चाकं रुततात, मोठी नाहीत. म्हणून वजन मागच्या चाकांवर न्या: पाठ टेकवून बसा, कडीवर लांब आणि संथ जोर लावा, आणि मध्ये थांबू नका, कारण थांबल्यावर पुन्हा निघणं सगळ्यात कठीण. सोबती असेल तर त्याने खुर्ची उलटी फिरवून ओढावी. मोठी चाकं पुढे आली की तीच खडी निम्मी सोपी होते. तीव्र उतारावरही सोबत्याने खुर्ची पाठमोरी उतरवलेली चांगली. एकट्याने उतरताना कडी तळहाताखाली थोडी थोडी सुटू द्या आणि वाट नागमोडी काढा. पण वाट अरुंद असेल किंवा बाजूला कललेली असेल तर नागमोडी जाऊ नका, कारण उताराला आडवी झालेली खुर्ची कुशीवर पडू शकते.

बॅटरीच्या खुर्च्यांत मधल्या चाकांवर चालणारी खुर्ची दालनात सुरेख वळते, पण खोलगट जमिनीवर तिची पुढची-मागची चाकं टेकून मधली अधांतरी राहू शकतात. घळ किंवा नाली तिरकी ओलांडू नका. सरळ जा, नाहीतर वळसा घ्या.

आता शिल्पाबद्दल, कारण त्यासाठीच तर आलो.

बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १३० सेंटिमीटरवर असतात. चौथऱ्यावरचं शिल्प या उंचीवरून उंच आणि जड दिसतं, त्याच्या खालच्या कडा, पोटाखालची सावली दिसते. मध्ये आरपार पोकळी असलेली शिल्पं, हेपवर्थ आणि हेन्री मूर यांची कितीतरी तशी आहेत, त्या पोकळीतून काय दिसतं ते डोळ्यांच्या उंचीवर ठरतं. उभ्या माणसाला त्यातून झाडं दिसतात, तेव्हा बसलेल्याला आभाळ दिसू शकतं. खुर्ची हात-दोन हात पुढेमागे, डावीउजवीकडे नेऊन ते आभाळ शोधा. शिकागोतलं अनिश कपूर यांचं 'क्लाउड गेट' हे आरशासारखं पोलादी शिल्प दहा मीटर उंच आहे, आणि मधल्या कमानीखाली सपाट फरशीवरून सरळ जाता येतं. कमानीखाली पोचल्यावर सगळेच मान वर करतात, आणि तिथे डोकं टेकवता येणारी खुर्ची असलेला माणूस इतरांपेक्षा निवांत बघतो. जेम्स टरेल यांच्या, छताला चौकट कापून आभाळ दाखवणाऱ्या खोल्यांचंही तसंच. यॉर्कशायरच्या उद्यानात २००६ पासून अशी एक आहे. खुर्चीला मागे कलायची सोय असेल तर वापरा, नसेल तर मानेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि प्रकाश बदलेपर्यंत थांबा. पाच मिनिटांत उठून जाणाऱ्यांना तिथे काही मिळत नाही.

एकाच जागेवरून बघून निघू नका. वाट जिथे वळते तिथे थांबा, लांबून एकदा बघा, जवळून बघा, पुढे गेल्यावर वळून पुन्हा बघा. जवळ जाताच येत नसेल तर छोटी दुर्बीण फार कामाची. पृष्ठभागावरचे ओतकामाचे सांधे, छिन्नीचे घाव, हवामानाने चढलेला हिरवा थर, हे सगळं तिच्यातून दिसतं. हात लावायची परवानगी असलेली शिल्पंही असतात. विचारून लावा, आणि उन्हातल्या ब्राँझला आधी बोटाच्या टोकाने, कारण ते चांगलंच तापतं. बोटांना संवेदना कमी असेल तर सोबत्याला आधी हात लावून बघू द्या.

इमारतीत

समकालीन कलेच्या दालनांची घोटीव काँक्रीटची जमीन चाकांना आवडते. अडचणी वेगळ्याच ठिकाणी असतात.

पहिली म्हणजे पायठेवणी. ती गुडघ्यांच्या पुढे बरीच असते, आणि आपण चित्राच्या जवळ सरकतो तेव्हा आपल्याआधी ती जमिनीवरच्या रेषेपलीकडे जाते, गजर वाजतो. समोरून जाण्यापेक्षा तिरकं किंवा भिंतीला समांतर जा आणि मान वळवून बघा. त्याने डोळे चित्राच्या जास्त जवळ जातात. बॅटरीच्या खुर्चीचा वेग दालनात शिरतानाच सगळ्यात कमी करा आणि मागे घेण्याआधी पूर्ण मान वळवा. जमिनीवर पसरलेल्या मांडणशिल्पांची कड अनेकदा दिसतच नाही. कार्ल आंद्रे यांच्या धातूच्या चौकोनी फरश्यांवर अनेक संग्रहालयं चालू देतात. चाकांना परवानगी आहे का ते विचारा, कारण 'चालू शकता' यात ती येतेच असं नाही. कधी कधी जमीनच कलाकृती होते. डोरिस साल्सेदो यांनी २००७ साली लंडनच्या टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलच्या जमिनीत १६७ मीटर लांबीची भेग पाडली होती. अशी काही कलाकृती चालू आहे का, हे फोन करतानाच कळलेलं बरं.

दुसरी अडचण उंचीची. चित्रांचा मध्य बहुतेक ठिकाणी जमिनीपासून १४५ ते १५५ सेंटिमीटरवर धरून ती टांगतात. आपले डोळे त्याच्या खूप खाली. त्यामुळे काचेतल्या चित्रांवर वरच्या दिव्याची चकाकी येते. थोडं मागे आणि थोडं बाजूला सरका, चकाकी सरकते. मोठी चित्रं मागे सरकून बघा. आडव्या काचपेटीतले कागद आपल्याला फार तिरके दिसतात. फोन हाताने वर धरून, परवानगी असेल तर, फोटो काढून वाचा. भिंतीवरच्या माहितीच्या पाट्या उभ्या माणसासाठी लावलेल्या असतात. मोठ्या अक्षरांतली प्रत मागा, ती पुष्कळदा काउंटरवर असते आणि कोणी मागत नाही म्हणून पडून राहते. भिंतीला टांगलेल्या हेडफोनची वायर आखूड असेल तर कर्मचाऱ्याला बोलवा.

चलचित्रांच्या अंधाऱ्या खोल्या मला सगळ्यात जास्त सांभाळून जायच्या वाटतात. दाराला जाड काळा पडदा, आत जाड गालिचा, मध्ये कुठेतरी उंबऱ्याएवढी पट्टी किंवा वायर झाकणारा उंचवटा. पडदा चाकात गुंडाळला जातो. कोणालातरी तो बाजूला धरायला सांगा, आत शिरून भिंतीलगत थांबा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. बाकडी मध्यभागी असतात आणि खुर्चीची जागा कोपऱ्यात. एखादं सुटं स्टूल हलवून मधली जागा मागायला काहीच हरकत नाही. पडद्याचा आणि आवाजाचा तोल मध्यभागीच बरोबर लागतो.

उताराची इमारत वरून खाली बघा. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमची (१९५९) सर्पिल वाट फ्रँक लॉइड राइट यांनी तशीच कल्पिली होती: लिफ्टने वर जायचं आणि उतरत उतरत बघायचं. थांबाल तिथे दोन्ही ब्रेक लावा, कारण चित्र बघताना हात कडीवरून नकळत सुटतो.

खुर्ची जाणारच नाही अशी कलाकृती समोर आली तर निमूट मागे फिरू नका. २०१७ साली वॉशिंग्टनच्या हिर्शहॉर्न संग्रहालयाने यायोई कुसामा यांच्या आरशांच्या खोल्यांच्या प्रदर्शनात, ज्या खोल्यांत व्हीलचेअर जात नव्हती त्यांच्यासाठी आभासी दर्शनाचे चष्मे ठेवले होते. चष्म्यातून बघणं म्हणजे खोलीत असणं नव्हे, पण दाराबाहेर ताटकळण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. दुसरीकडे, २०१९ साली टेट मॉडर्नमधल्या ओलाफुर एलियासन यांच्या प्रदर्शनात एका बोगद्यासारख्या कलाकृतीला पायऱ्या होत्या आणि व्हीलचेअर आत जाऊ शकत नव्हती. एका प्रेक्षक स्त्रीने त्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि चर्चा वर्तमानपत्रांपर्यंत गेली. 'मला ही बघायची आहे, काय करता येईल?' एवढं तरी प्रत्येक वेळी विचारा. कधी दुसरं दार असतं, कधी कलाकाराने तयार केलेली चित्रफीत असते, कधी गर्दी ओसरल्यावर फळी टाकून देतात.

सोबत येणाऱ्यांसाठी

खुर्चीला विचारल्याशिवाय हात लावू नका, फक्त ती घसरत असेल तर धरा. ढकलत असाल तर कुठे थांबायचं हे बसलेल्याने ठरवायचं. तुम्हाला चित्र कंटाळवाणं वाटलं म्हणून खुर्ची पुढे नेऊ नका. कर्मचारी तुमच्याकडे बघून बोलायला लागले तर उत्तर देऊ नका, बसलेल्या माणसाकडे बघा. ते लगेच समजतात. आणि अधूनमधून दोघांनी वेगळं फिरा. दोघांनी एकच चित्र वेगवेगळं बघून मग बोलणं यात जास्त मजा आहे.

परतल्यावर

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या करारात कलम ३० सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याच्या हक्काबद्दल आहे. करार मान्य केलेल्या देशांनी संग्रहालयांसारख्या जागांपर्यंत सगळ्यांना पोचता यावं यासाठी पावलं उचलायची आहेत. मोठी बांधकामं व्हायला वर्षं लागतात. पण उंच लावलेली पाटी, रुतणारी खडी, मालवाहू लिफ्टची हरवलेली किल्ली या गोष्टी एका ईमेलने सुटू शकतात, फक्त ईमेल नेमकी हवी. 'व्हीलचेअरसाठी गैरसोय झाली' असं लिहिलं तर दिलगिरीचं ठरावीक उत्तर येतं. 'दक्षिणेकडच्या वाटेवर, लाल शिल्पाच्या अलीकडे, शेवटचे दहा मीटर मोकळी खडी आहे, सोबत फोटो' असं लिहिलं तर ते थेट बाग सांभाळणाऱ्यापर्यंत जातं.

जे चांगलं होतं तेही त्याच ईमेलमध्ये लिहा, कुठल्या दालनात कुठल्या कर्मचाऱ्याने काय केलं हे नेमकं सांगून. आणि तुमची वाट, उताराचे आकडे, स्वच्छतागृहाची मोकळी बाजू आणि जमिनीचे फोटो नकाशाच्या ॲपवर टाका. पुढचा माणूस शिल्पाचे फोटो सोडून तेच शोधत असेल.